यवतमाळात बघायला काय आहे?

यवतमाळ जिल्ह्याविषयी बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी ठाऊक असतात: शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि वाघ. तिसरी विचारली की बहुतेकांची गाडी अडते. पर्यटनाच्या पुस्तिका छापणाऱ्यांची मात्र कधीच अडत नाही, कारण त्यांच्याकडे यादी तयार असते. टिपेश्वर अभयारण्य, पैनगंगा अभयारण्य, सहस्रकुंडचा धबधबा, कळंबचा चिंतामणी, केळापूरची जगदंबा, वणीचा रंगनाथस्वामी, आर्णीचा कंबलपोष बाबांचा दर्गा, दिग्रसचे घंटीबाबा, धामणगाव देवचे मुंगसाजी माउली. यादीत खोटे काहीच नाही. खोटी आहे ती यादीमागची समजूत: पुण्याचे किंवा नागपूरचे एखादे कुटुंब गाडी काढून येईल, यवतमाळच्या लॉजवर मुक्काम ठोकील आणि तीन दिवसांत ही सगळी ठिकाणे उरकून परत जाईल. असे कुटुंब क्वचितच येते. तरीही ही ठिकाणे ओस पडलेली नाहीत. संकष्टीला कळंबमध्ये, नवरात्रात केळापुरात, उरुसात आर्णीत पाय ठेवायला जागा नसते. ही माणसे तालुक्यातली, शेजारच्या तालुक्यातली, फार तर शेजारच्या जिल्ह्यातली असतात, म्हणून त्यांना कोणी पर्यटक म्हणत नाही. सरकारी भाषेत ते ‘भाविक’, पोलिसांच्या भाषेत ‘गर्दी’. आडवळणाच्या मुलखात पर्यटन उभे करायचे असेल, तर सुरुवात या येणाऱ्यापासूनच करावी लागेल, असे माझे म्हणणे आहे. न येणाऱ्याची वाट पाहत कमानी बांधण्यात आपण बराच काळ आणि पैसा घालवला आहे.

आधी मुलूख समजून घ्यायला हवा. यवतमाळचे क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या साडेतीनपटीहून जास्त. तालुके १६. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअठ्ठावीस लाखांच्या आसपास. एवढ्या पसाऱ्यात सगळ्यांना आपल्याकडे ओढील असे एक मध्यवर्ती गाव नाही. १९०५ पर्यंत तर जिल्ह्याचे नावही वणीवरून होते. आजही वणीचा माणूस बाजाराला, दवाखान्याला चंद्रपूरकडे वळतो, उमरखेडचा नांदेडकडे, पांढरकवड्याचा नागपूर नाहीतर आदिलाबादकडे, दारव्हा-नेरचा अमरावतीकडे. वणीपासून उमरखेडपर्यंत जायचे म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वरचा प्रवास, तोही एसटी बदलत. जिथे जिल्ह्यातलाच माणूस जिल्हा आडवा ओलांडत नाही, तिथे बाहेरच्याने तो ओलांडावा म्हणून ‘पर्यटन परिक्रमा’ आखणे हा नकाशावरचा खेळ झाला. इथे माणूस एका ठिकाणासाठी निघतो आणि त्याच दिवशी घरी परततो. त्याचे वर्तुळ पंचक्रोशीचे असते, फार तर चार तालुक्यांचे. हे वर्तुळ लहान आहे म्हणून ते हलक्यात काढायचे की त्याच्या मापाने सोयी करायच्या, हा खरा प्रश्न आहे.

कळंबचेच उदाहरण घ्या. यवतमाळहून वर्ध्याच्या रस्त्याला वीस-बावीस किलोमीटरवर, चक्रावती नदीच्या काठी हे गाव आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांत इथल्या चिंतामणीची गणना होते. मंदिराचे वेगळेपण असे की देवाला जाताना चढायचे नसते, उतरायचे असते. गाभारा जमिनीच्या पातळीपासून बराच खाली, पायऱ्या उतरून गेल्यावर लागतो आणि तिथे पाण्याचे कुंड आहे. बारा वर्षांनी या कुंडाचे पाणी चढत जाते आणि मूर्तीच्या पायाला लागून ओसरते, अशी श्रद्धा आहे. भूजलाच्या अभ्यासकाला यात नदीकाठच्या झऱ्यांची आणि चांगल्या पावसाच्या वर्षांची संगती लावता येईल, भाविकाला देवाची कथा पुरेशी असते; दोघांनाही खाली वाकून पाणीच पाहावे लागते. कोरडवाहू कापसाच्या मुलखात ज्या देवाची ख्याती पाण्यावरून आहे, तो देव लोकांनी नुसता मानलेला नाही, जपलेला आहे. आता या ठिकाणी येणारा माणूस काय करतो ते बघा. तो सकाळच्या गाडीने येतो, दर्शन घेतो, नवस असेल तर रोडगे, वरण आणि वांग्याच्या भाजीचे जेवण घालतो. गोवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे भाजायला त्याला मोकळी जागा लागते, पाणी लागते, सावली लागते. बायकांना स्वच्छ संडास लागतो. म्हाताऱ्यांना पायऱ्या उतरताना धरायला कठडा लागतो. संध्याकाळच्या गाडीची वेळ कळावी लागते. त्याच्या गरजांची यादी इथे संपते.

या यादीतले नेमके किती आपण देतो? राज्यात तीर्थक्षेत्रांना अ, ब, क असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे निधी मिळतो. जिल्हा नियोजनातून आलेला पैसा कशात जिरतो, ते विदर्भातल्या कुठल्याही क वर्ग तीर्थावर जाऊन डोळ्यांनी पाहता येते: प्रवेशाची कमान, तिच्यावर लोकप्रतिनिधींची नावे, पेव्हिंग ब्लॉक, पत्र्याचा सभामंडप, आणि कुलूप असलेले भक्तनिवास. भक्तनिवासाला कुलूप असते कारण राहायला कोणी येत नाही. येणारा माणूस मुक्काम करीत नसताना त्याच्यासाठी खोल्या बांधायच्या आणि त्याला दिवसभर लागणारा संडास मात्र एकच, तोही पाण्याशिवाय, हा हिशेब कुठल्या चष्म्यातून केला जातो ते सांगायला नको. याउलट, पर्यटन खात्याशी काडीचा संबंध नसलेल्या दोन निर्णयांनी या ठिकाणांचे चित्र हलले. २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. पूर्वी घरातला कर्ता पुरुष एकटा देवाला जाऊन येई आणि प्रसाद घरी आणी. आता चार बाया मिळून निघतात. कुठल्याही माहितीपुस्तिकेने, संकेतस्थळाने किंवा ‘ब्रँडिंग’ने एवढी माणसे गावाबाहेर काढलेली नाहीत. धोरण म्हणून याचा नीट अभ्यास व्हायला हवा होता. तो महामंडळाच्या तोट्या-नफ्याच्या वादात हरवला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: या माणसाच्या खिशात काय असते? तो घरून भाकरी बांधून आणतो, नारळ आणि फुलांचा पुडा घेतो, लेकरांना बुढीके बाल घेऊन देतो आणि निघून जातो. त्याच्यावर गावाची अर्थव्यवस्था कशी उभी राहणार? आक्षेप अर्धा खरा आहे. एका माणसाचा खर्च किरकोळ असतो. पण तो कोणाच्या हातात पडतो हे पाहिले तर चित्र बदलते. फुलवाली, नारळवाला, चहाची टपरी, ऑटोवाला, भांडी भाड्याने देणारा, गोवऱ्या विकणारी बाई: सगळे त्याच गावातले आणि सगळे रोखीतले. यात्रांचा इतिहास तर याहून मोठ्या उलाढालीचा आहे. वणीच्या रंगनाथस्वामींच्या यात्रेला बैलबाजाराचे रूप आले ते उगाच नाही. देवदर्शन आणि जोडी घेणे-देणे ही कामे शेतकरी एकाच खेपेत उरकत आला. तो बाजार आता आक्रसला आहे. ट्रॅक्टर आला, आणि २०१५ च्या कायद्याने गोवंशहत्याबंदीत बैलही आल्यावर म्हातारा बैल विकणे अवघड होऊन बसले. जुना बैल निघत नाही म्हणून नवा घेतला जात नाही. यात्रा आटली ती लोकांची भक्ती आटली म्हणून नव्हे, बाजाराचा पाया गेला म्हणून. तेव्हा ‘गरीब भाविक’ या शब्दामागे एक अख्खी बाजारपेठ होती आणि ती आपल्या डोळ्यांदेखत मोडली, हे आक्षेप घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मग वाघ का नको? टिपेश्वरचे अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले. १४८ चौरस किलोमीटरचे हे जंगल नागपूर-हैदराबाद महामार्गापासून जवळ आहे. पांढरकवड्याजवळच्या सुन्ना फाटकातून आत गेले की सागाचे, गवताळ मोकळणीचे रान लागते आणि वाघ दिसण्याची शक्यता, ताडोब्याच्या गर्दीच्या मानाने, चांगली असते. इथे बाहेरचा, खर्च करणारा पाहुणा खरोखर येतो. जिप्सी चालवणारे आणि वाट दाखवणारे तरुण आसपासच्या गावांतले असतात, हेही मान्य करायला हवे. टिपेश्वर बंद करा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण त्यावर जिल्ह्याचे पर्यटन उभे करता येईल का? जंगलाची वाहने ठरावीक, फेऱ्या ठरावीक, पावसाळ्यात सफारी बंद. संख्येला मर्यादा घालणे हाच अभयारण्याचा धर्म आहे. ती मर्यादा उठवली तर वाघही राहणार नाही आणि पाहुणाही. म्हणजे जे यशस्वी व्हायचे असेल तर लहानच राहिले पाहिजे, त्याच्यावर सोळा तालुक्यांचा भार टाकणे बरोबर नाही.

शिवाय वाघ फाटकाआड राहत नाही. टिपेश्वरमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर त्या पावसाळ्यात निघाला तो महाराष्ट्र आणि तेलंगणातली शेते, नाले, महामार्ग ओलांडत पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले. त्या चालण्याचा अर्थ मात्र एवढाच होता की १४८ चौरस किलोमीटर त्याला पुरले नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री, राळेगाव तालुक्याच्या जंगलात टी-१ ही वाघीण मारली गेली. शहरांनी तिला ‘अवनी’ म्हटले. तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता. गुराखी, शेतकरी, शेतमजूर. ती मारली गेल्यावर मुंबई-पुण्यात मेणबत्त्या पेटल्या आणि राळेगाव-पांढरकवड्याच्या गावांत फटाके फुटले, पेढे वाटले गेले. दोन्ही बाजूंनी एकमेकांना क्रूर ठरवले. गोळी घालण्याच्या पद्धतीवर गंभीर प्रश्न उभे राहिले आणि ते योग्यच होते. पण पर्यटनाच्या दृष्टीने त्या रात्रीचा धडा वेगळा आहे. ज्याला वाघ पाहायला पैसे मोजावे लागतात आणि ज्याला तो फुकट, कापूस वेचताना दिसतो, या दोघांत एकही समान हितसंबंध आपण तयार केलेला नाही. जंगलातली गावे बाहेर हलवली गेली, मोबदलाही दिला गेला. पण फाटकावर कापलेल्या तिकिटाचा काही वाटा ज्या शिवारात जनावर मारले जाते त्या शिवारात, ठरलेल्या तारखेला आणि अर्ज न करता पोहोचेल, अशी सोय झाल्याशिवाय वाघ हा जिल्ह्याचा अभिमान होणार नाही, बाहेरच्यांची चैनच राहील.

सहस्रकुंडची गोष्ट आणखी निराळी. पैनगंगा इथे काळ्या कातळावरून अनेक धारांनी कोसळते. एका तीरावर उमरखेड तालुका, दुसऱ्या तीरावर नांदेड जिल्हा. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्टेशनही आहे, ते नांदेडच्या बाजूला. अर्थात यवतमाळच्या पुस्तिकेत ज्या धबधब्याचे चित्र मुखपृष्ठावर असते, तिथे जाण्याची सोयीची वाट दुसऱ्या जिल्ह्यातून आहे, आणि दोन्ही पुस्तिकांत समोरच्या तीराचा उल्लेख नसतो. नदीला जिल्हे कळत नाहीत, निधीला कळतात. दुसरी गोष्ट पाण्याची. वरच्या बाजूला ईसापूरचे धरण आहे. त्यामुळे पाऊस आणि विसर्ग असेल तेव्हा धबधबा जिवंत असतो आणि उन्हाळ्यात उमरखेडच्या नदीकाठची गावे पिण्याच्या पाण्यासाठी नदीत पाणी सोडा म्हणून आंदोलने करतात. या ठिकाणी ऋतू सांगणारी एक साधी यंत्रणा हवी: आज विसर्ग किती आहे, कुठपर्यंत उतरणे सुरक्षित आहे, ते दोन्ही तीरांवर एकाच वेळी लिहिणारा माणूस. काचेच्या पुलापेक्षा हे स्वस्त पडेल आणि जीव वाचवील. इथे गर्दीची भीती घालणाऱ्यांचे म्हणणे रास्त आहे. गर्दीने जागा बिघडतात, नदीत निर्माल्य आणि प्लास्टिक साचते. पण ही गर्दी आमंत्रणाने आलेली नाही आणि दुर्लक्षाने थांबणारही नाही.

जिथे कोणीच येत नाही अशा जागेची गत काय होते, तेही जिल्ह्यातच दिसते. झरी-जामणी तालुक्यात शिबला-पारडी भागात २०२१ मध्ये रस्त्याच्या कामात बेसॉल्टचे कोनाकार खांब उघडे पडले. लाव्हा थंड होताना आकसून त्याचे असे पैलूदार स्तंभ होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच प्रकारची, आणि तिला वस्तीने चहूकडून कसे वेढले आहे ते मुंबईकर जाणतात. चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी शिबल्याच्या खांबांचे महत्त्व लोकांपुढे आणले, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा हा दगड कोलामांच्या वस्त्यांच्या मुलखात आहे. त्याची राखण करायची तर आधी तिथल्या शाळेतल्या मुलांना तो आपला वाटला पाहिजे. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेची एक सहल तिथे नेली तर खर्च एका कमानीहून कमी येईल.

आणि शकुंतला रेल्वे. १९०३ मध्ये मूर्तिजापूर-यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा अडीच फुटी लोहमार्ग किलिक निक्सन कंपनीने उभारला तो वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गाडीला आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांना घालण्यासाठी. ओढणारे वाफेचे इंजिनही मँचेस्टरचेच, १९२१ च्या बनावटीचे. ते १९९४ पर्यंत धावले, मग डिझेल आले. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारजमा झाल्या तरी हा मार्ग करारावर खासगी कंपनीच्या मालकीचाच राहिला. ताशी वीसेक किलोमीटरने जाणारी, गार्डनेच उतरून फाटक लावावे अशी ही गाडी दारव्ह्याच्या बाजूच्या गरीब माणसाची खरी वाहतूक होती, कारण तिचे तिकीट एसटीच्या मानाने नगण्य होते. गेल्या दशकात ती बंद पडली. २०१६ मध्ये रुंदीकरणाची घोषणा झाली, आणि रूळ गवतात गेले. आता तिला ‘वारसा’ म्हणून चालवा अशी मागणी होते. ती हास्यास्पद नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये, अगदी ओसाड टोकाला, नॉर्मन्टन ते क्रॉयडन असा दीडशे किलोमीटरचा लोहमार्ग १८९१ मध्ये सोन्याच्या खाणींसाठी पूर्ण झाला. सोने संपले, हा मार्ग देशाच्या इतर लोहमार्गांना कधी जोडलाच गेला नाही, तरी आठवड्यातून एक गाडी आजही त्यावर जाते आणि हजार-दीड हजार वस्तीच्या नॉर्मन्टनला लोक तेवढ्यासाठी येतात. तिथे गाडीच बघण्याची वस्तू झाली. आपल्याकडे मात्र नुसत्या वारशाने भागणार नाही. नॉर्मन्टनच्या दोन्ही बाजूंना माणूस नाही. दारव्हा-मूर्तिजापूर पट्ट्यात दर चार किलोमीटरला गाव आहे, आणि त्या गावांना शनिवारी हौशी प्रवासी घेऊन जाणारी खेळण्याची गाडी नको, रोज बाजाराला नेणारी हवी. रोज धावणारी गाडी पाहायला लोक आपोआप येतील. केवळ पाहण्यासाठी धावणारी गाडी दोन हंगामांत बंद पडेल.

राहिला सर्वांत जड आक्षेप. ज्या जिल्ह्याने १९८६ च्या १९ मार्चला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबाची सामूहिक आत्महत्या पाहिली, ज्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषाने वीसहून अधिक माणसे दगावली, तिथे पर्यटनाच्या गप्पा मारणे ही थट्टा नाही का? या प्रश्नाला उलट प्रश्न विचारावासा वाटतो: या दुःखाच्या पर्यटनाला आपण कधी हरकत घेतली? २००८ मध्ये मारेगाव तालुक्यातले जळका राष्ट्रीय नेत्याच्या भेटीने संसदेत गाजले. २० मार्च २०१४ ला आर्णी तालुक्यातल्या दाभडीत ‘चाय पे चर्चा’ झाली. पत्रकार, संशोधक, चित्रपटवाले, संस्थांची पथके येत राहिली. जिल्ह्याला भेट देणाऱ्या बाहेरच्या नामवंतांत वाघासाठी आलेले किती आणि विधवेच्या ओसरीवर बसून फोटो काढण्यासाठी आलेले किती, याची मोजदाद केली तर उत्तर सुखावणारे निघणार नाही. चिलगव्हाणच्या स्मृतीत १९ मार्चला राज्यभर होणारा अन्नत्याग याहून फार वेगळा आहे. त्यात पाहणे नाही, स्वतःचे काही सोडणे आहे. पर्यटनाने शेतकऱ्याचे कर्ज फिटत नाही, कापसाचा भाव वाढत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण ज्या घरात कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, त्या घरातल्या बाईला संकष्टीला कळंबमध्ये दीडशे रुपयांची फुले विकता येणे याला थट्टा म्हणणारे लोक त्या घरात राहत नाहीत.

वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. पुढचे टप्पे यवतमाळ, दिग्रस, पुसद, उमरखेड असे जायचे आहेत. पवनार ते पत्रादेवी असा शक्तिपीठ महामार्गही आखला गेला. सुरुवातीच्या आराखड्यात त्याची लांबी ८०२ किलोमीटर होती, आणि जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांचा विरोधही तेवढाच लांब पसरला. दोन्ही प्रकल्पांच्या समर्थनात तीर्थाटनाचा हवाला दिला जातो. महामार्गावरून मोटारीने भरधाव जाणारा भाविक कळंबला थांबेल की नाही, हे त्याच्या मर्जीवर आहे. रेल्वेने येणारा मात्र उतरल्याशिवाय राहणार नाही, म्हणून माप रेल्वेचे लावावे. संकष्टीच्या दिवशी सकाळी येणारी आणि संध्याकाळी परतणारी गाडी आहे का, स्टेशनापासून मंदिरापर्यंत ऑटोचा दर फलकावर लिहिलेला आहे का, एसटीचे वेळापत्रक गाडीच्या वेळेला जुळवले आहे का, आणि नवसाचे रोडगे भाजायला जागा, पाणी आणि संडास आहे का. पुढच्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत एवढे चार प्रश्न विचारायला कोणत्याही सल्लागार कंपनीचा अहवाल लागत नाही. दिग्रसचे, पुसदचे स्टेशन बांधून व्हायच्या आत ते विचारले गेले तर बरे, कारण एकदा फलाट गावापासून चार किलोमीटरवर पडला की मग फक्त कमान बांधणे शिल्लक उरते.